फ्रेमबाहेरचं शेत

फोन वाजत होता आणि मोघ्यांच्या घरात तो कुणालाच ऐकू येत नव्हता.

म्हणजे ऐकू सगळ्यांनाच येत होता! श्रीहरी मोघे पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवत होते. त्यांनी डाव्या हाताने फोन उचलला, नंबर पाहिला आणि टेबलावर पालथा घालून ठेवला. पण पालथा घातला म्हणून फोन थोडाच गप्प बसतो? तो थरथरत, सरकत सरकत शेवेच्या वाटीला जाऊन भिडला.

"इरा, घे ना गं. सांग, पापा अंघोळीला गेलेत."

इरावती अकरावीत होती. दुसऱ्या घरांत मुलांना दूध आण, गॅलरीतले कपडे काढ अशी कामं असतात. इराचं ठरलेलं काम हे होतं. पापांना रविवारीच काय, कोणत्याही वारी फोनवर अंघोळीला पाठवायचं! श्रीहरी कृषी खात्यात विस्तार अधिकारी होते. म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारे सरकारी साहेब. इंदूरजवळच्या सांवेर तहसिलीतली बरीच गावं त्यांच्याकडे होती, आणि त्या प्रत्येक गावात पंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात त्यांचा नंबर रंगवलेला होता. खाली लिहिलेलं होतं, 'कोई भी समस्या हो तो फोन करें.'

कोई भी समस्या! वाचायला किती छान वाटतं ना?

इराने फोन घेतला.

"साब हैं क्या? मैं रामकन्या बोल रही हूं, जामलीखेडी से."

"पापा नहा रहे हैं, आंटी."

पलीकडचा आवाज अगदी गंभीरपणे म्हणाला, "क्यों बेटा, कल भी नहा रहे थे, परसों भी नहा रहे थे. थारे पापा आखा दिन नहाते ही रेते हैं क्या?"

इराला फस्सकन हसू फुटलं. आणि ते ओठांवर येतं न येतं तोच तिचे कान गरम झाले. कारण ती बाई हसत नव्हती.

"हंस मत बेटा," रामकन्याबाई म्हणाली. "म्हारी सोयाबीन पीली पड गई है."

मग तिने भराभर सगळं सांगून टाकलं, फोन पुन्हा कधी उचलला जाईल याचा भरवसा नसलेली माणसं सांगतात तसं. तिचा नवरा पिथमपूरला कारखान्यात कामाला. जमीन त्याच्या नावावर, पण यंदा पहिल्यांदाच पेरणीपासून सगळी शेती तिने एकटीने केली होती. तिच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, सगळ्या घरासमोर अट घातली होती. या साली सोयाबीन नीट आली तर ठीक. नाही आली तर पुढच्या हंगामापासून ते शेत त्यांच्याकडे बटाईने, म्हणजे वाट्याने कसायला, जाणार आणि हिने घरी बसायचं. औरत के बस की खेती नहीं. आणि आता पीक पिवळं पडलं होतं. दवाईचा दुकानवाला म्हणत होता, आजच फवारा. साहेबांनी मोबाइलवर टाकलेला मेसेज नवऱ्याने पिथमपूरहून वाचून दाखवला होता, त्यातही तेच होतं. पण तिच्या मनाला पटत नव्हतं.

"बस इत्ता पूछ के बता दे बेटा. छिडकूं कि नहीं?"

इराने फोन वडिलांपुढे धरला. त्यांनी डोळे मोठे केले, मान हलवली, हात हलवले, चमचासुद्धा हलवला. शेवटी पलीकडूनच फोन कट झाला. बॅलन्स संपला असेल, नेटवर्क गेलं असेल, किंवा आशा.

"पापा! एका मिनिटाचं उत्तर होतं!"

"ग्रुपवर सगळं टाकलंय मी. पिवळं पडलं तर कुठलं औषध, किती पाण्यात, सगळं."

"ती बाई आहे का त्या ग्रुपमध्ये?"

"तिचा नवरा आहे ना."

"नवरा पिथमपूरला मशीन चालवतो. शेती कोण करतं?"

"अगं, जमीन नवऱ्याच्या नावावर आहे. ग्रुप तसाच बनतो."

"म्हणजे? शेती नाव करतं का, पापा? नाव चिखलात उतरतं का? निंदणी नाव करतं का?"

श्रीहरींनी चमचा ठेवला. आता तेही चिडले. "तुला काय जातंय बोलायला! एक माणूस आणि इतकी गावं. सरकारी गाडी नाही, पेट्रोल माझं. आणि वरून काय मागतात माहीत आहे? फोटो! आज कुठे गेलात, फोटो टाका. किती शेतकरी जमले, फोटो टाका. पीक कसं आहे हे मला आजपर्यंत एका साहेबाने विचारलं नाही. फोटो आला नाही तर मात्र तासाभरात फोन येतो."

"तो फोन उचलता ना?"

तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "कोण अंघोळ करतंय रे? जिन्यापर्यंत ऐकू येतंय!"

हातात जिलबीचा पुडा घेऊन शोभना आत्या उभी होती. श्रीहरींची मोठी बहीण, निवृत्त सरकारी पशुवैद्य. तिने सगळी नोकरी याच सांवेर-देपालपूरकडच्या गावांमध्ये केली होती. पंजाबी ड्रेस, पायात बूट आणि खांद्याला पिशवी हा तिचा कायमचा अवतार. ती आत्ताही त्यातच होती. निवृत्त झाली म्हणून आत्या काही बदलली नव्हती.

इराने एका दमात सगळं सांगितलं. आत्याने जिलबी बशीत काढली, भावापुढे सरकवली आणि शांतपणे विचारलं, "श्री, मी नोकरीत असताना कुणी मला म्हशीचा फोटो पाठवला असता, तर मी काय त्या फोटोला इंजेक्शन दिलं असतं?"

"ताई, तुझा जमाना वेगळा होता."

"म्हशी वेगळ्या होत्या का?"

"सिस्टिमच तशी आहे, त्याला मी काय करू?"

"सिस्टिम चूक आहे, मान्य. वरच्यांशी भांडायला मी येते तुझ्याबरोबर, बोल कधी जायचं. पण 'पापा अंघोळीला गेलेत' हे या पोरीला सिस्टिमने शिकवलेलं नाही. ते तू शिकवलंस."

श्रीहरींनी जिलबीची बशी बाजूला सरकवली. मग घड्याळाकडे बघून उठले. "मला निघायचंय. जामलीखेडीतच चौपाल आहे. सोमवारच्या आत फोटो हवेत."

"जामलीखेडी!" इरा ओरडली. ती तोवर एका पायात बूट घालून मोकळी झाली होती.

"तिथे काय पिकनिक आहे?"

"नाही ना," आत्या म्हणाली. "म्हणूनच येतोय."

उज्जैन रोडवर दोन्ही बाजूंनी सोयाबीनच सोयाबीन होती. आठवडाभर झोडपणारा पाऊस नुकताच थांबला होता आणि आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. एका एका मोटारसायकलवर तिघं तिघं, ट्रॅक्टरवर आख्खं कुटुंब. सांवेर ओलांडलं तशी गाडी डाव्या हाताला वळली, आणि गावाच्या अलीकडेच, सडकेला लागून, एक बोर्ड चमकला. 'आदर्श सोयाबीन प्लॉट.'

काय दिसत होतं ते शेत! हिरवंगार, एकसारखं, जणू कंगव्याने भांग पाडलाय. ते विष्णू पटेलांचं होतं. विष्णू पटेल म्हणजे गावातले मातब्बर. साहेब आले की खुर्च्या त्यांच्या, सावली त्यांची, कचोरी त्यांची. आणि शेतही त्यांचंच! कारण ते सडकेवर होतं. गाडीतून उतरलं की पाय चिखलात न घालता पोहोचता येतं, बोर्ड येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो, फोटो छान येतो. म्हणून जो नवा प्रयोग असेल तो याच शेतात, जी सभा असेल ती याच झाडाखाली, आणि सगळ्या गावाला जो सल्ला जायचा तो याच हिरव्या तुकड्याकडे बघून जायचा.

सांगा बरं, डॉक्टरने वाड्याच्या दारात बसलेल्या पाटलाची नाडी बघायची आणि औषध सगळ्या गावाला वाटायचं, असं कुठे असतं का? शेतीत असतं! आणि आपल्याला त्यात काही गैर वाटतही नाही.

चौपाल, म्हणजे शेतकऱ्यांची सभा, सुरू झाली. मागे बॅनर, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष. श्रीहरी मोबाइलमधून वाचू लागले, "एकीकृत कीट प्रबंधन के अंतर्गत..." सगळ्यांनी माना डोलावल्या. "अनुशंसित मात्रा में..." पुन्हा माना डोलल्या. इराला तर हिंदी चांगली येते, शाळेत सगळं हिंदीतच चालतं, तरी तिलाही ओ की ठो कळलं नाही.

"किसी का कोई सवाल?" श्रीहरींनी शेवटी विचारलं.

मागच्या रांगेतून एकाने हात वर केला. "साबजी, कचोरी सांवेर की है कि इंदौर की?"

हशा पिकला. श्रीहरीही हसले. चौपाल यशस्वी झाली!

इरा मात्र दुसरीकडेच बघत होती. लांब कडुलिंबाच्या झाडापाशी बायका उभ्या होत्या. चेहऱ्यावर पदर, हात मातीने माखलेले, कारण निंदणीवरूनच आल्या होत्या. त्यांच्यासाठी खुर्च्या नव्हत्या. "आत्या, त्या पुढे का येत नाहीत?"

"विष्णूच्या झाडाखाली?" आत्या हळूच म्हणाली. "कुणाचा तो सासरा लागतो, कुणाचा जेठ. माळव्यात सून जेठासमोर तोंड उघडत नाही. या जागी सभा ठेवली की बायकांचा सवाल येणारच नाही. आणि मग साहेब वर लिहितात, महिलांना काही अडचण नाही."

इराच्या डोक्यात सणक गेली. आणि नेमकी त्याच वेळी वडिलांनी फोन तिच्या हातात दिला.

"इरा, फोटो तू काढ. सगळे आले पाहिजेत, बोर्ड आला पाहिजे, आणि लोकेशन ऑन आहे ना बघ."

सगळे ओळीत उभे राहिले. मध्ये श्रीहरी, शेजारी विष्णू पटेल, मिशीला पीळ. इराने फोन वर धरला. पडद्यावर बॅनर होता, हसरे चेहरे होते, हिरवं शेत होतं. आणि त्या शेताच्या पाठीमागे मातीची एक उंच पाळ, म्हणजे बांध. त्या पाळीच्या वरून, जिथे जमीन थोडी चढती होती तिथे, एक पिवळा पट्टा दिसत होता. हळदीसारखा पिवळा.

"पापा, तुमच्या मागे ते पिवळं काय आहे?"

श्रीहरींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ते फ्रेममध्ये घेऊ नकोस. थोडी डावीकडे सरक."

झालं! सकाळपासून दाबलेला राग आता काही थांबेना.

"नाही सरकणार!" इरा ओरडली. "ते पण शेतच आहे ना? ते पण याच गावात आहे ना? तुम्ही प्रत्येक फोटोत त्याच्याकडे पाठ करून उभे राहता, पापा! जे पिकलंय त्याला सल्ला आणि जे मरतंय ते फ्रेमच्या बाहेर? मग तुम्ही इथे येता कशाला?"

मराठी किती जणांना कळली कोण जाणे, पण राग सगळ्यांना कळला. आणि लिंबाच्या झाडाखालून एक आवाज आला.

"अरे, ये तो वोई छोरी है! जिसके पापा आखा दिन नहाते हैं!"

आधी बायका हसल्या. मग खुर्च्यांवरचे हसले. श्रीहरींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"बहू!" विष्णू पटेल गरजले. "बडे-बूढों के बीच में बोलते शरम नहीं आती?"

मंडळी, आत्ता इराच्या डोक्यात प्रकाश पडला. रामकन्याबाईचे जेठ म्हणजे हेच! मिशीवाले! आणि ते पिवळं शेत तिचंच होतं.

रामकन्याबाईने पदर आणखी खाली ओढला. जेठांकडे तिने पाठ केली. साहेबांशी ती बोलली नाही, जेठांशी तर नाहीच नाही. ती सरळ चालत इरापाशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात फक्त इराशी बोलली. आता यात कोण काय म्हणणार? पोरीशी बोलायला कुठे बंदी आहे!

"बेटा, थारे पापा से पूछ. मेरा खेत इनकी पीठ के पीछे है. सडक से दिखता भी है. एक बार भी क्यों नहीं आए?"

"पापा, काकी विचारतायत, एकदाही का नाही आलात?"

"तिला सांग, फोटो पाठव. मी बघून..."

"फोटो?" आता आत्याचा आवाज चढला. "शेत तुझ्या पाठीमागे उभं आहे, श्री! फोटो कशाला हवाय? वळ! फक्त वळ!"

श्रीहरी वळले.

कितीदा या जागी उभे राहिले असतील ते, पण वळले आज पहिल्यांदा. पाळीपर्यंत गेले, पाळीवर चढले आणि तिथेच थबकले. पलीकडच्या शेतात घोट्याच्या वर पाणी साचलेलं होतं. जी सोयाबीन पाळीजवळ होती ती पिवळी होऊन माना टाकून पडलेली, वरच्या बाजूची फिकट. ते खाली उतरले. पहिल्याच पावलाला बूट चिखलात रुतला आणि दुसऱ्या पावलाला पाय बुटातून बाहेर आला! तसेच एका मोज्यावर ते पुढे गेले, वाकले आणि एक रोप मुळासकट उपटलं. मूळ काळं पडलं होतं. कुजका वास इरापर्यंत आला.

श्रीहरी मोघे काही अडाणी अधिकारी नव्हते. कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्गात पास झालेला माणूस! त्यांना बघताक्षणी कळलं. ग्रुपवर टाकलेला मेसेज पानं पिवळी करणाऱ्या रोगाचा होता. इथे तो रोगच नव्हता. इथे मुळं गुदमरत होती. बाईने आज फवारणी केली असती तर मरणाऱ्या पिकावर विष उडवलं असतं, बाकी काही नाही. आणि मग जेठ म्हणाले असते, बघा, सांगितलं होतं ना?

"पाणी का साचलंय?" इराने पाळीवरून विचारलं. "जमीन तर उताराची आहे. खाली सडकेकडे वाहून जायला हवं."

श्रीहरी त्या पाळीकडे बघत होते.

"साबजी, ये पाल तो आपने ही बनवाई थी," विष्णू पटेल खालून म्हणाले. "पिछले साल, बोर्ड लगाने से पहले. आपने बोला था, पीछे से पानी आ रहा है, प्लॉट सूखा दिखना चाहिए."

किती भयंकर गोष्ट होती ही! चोराने केली नव्हती, दुष्मनाने केली नव्हती. सल्ला देणाऱ्या साहेबांनी स्वतः सल्ला दिला होता, आणि तो विष्णू पटेलांच्या शेतासाठी बरोबरसुद्धा होता! फक्त पाळीच्या पलीकडे काय आहे हे बघायला ते चार पावलं चालले नव्हते. एक शेत फोटोत छान दिसावं म्हणून दुसरं शेत बुडवलं गेलं होतं, आणि बुडणारी बाई फोन करत होती तेव्हा साहेब अंघोळ करत होते!

त्या क्षणी श्रीहरींना गप्प बसता आलं असतं. पाऊसच जास्त झाला हो, असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलं असतं?

त्यांनी वर पाहिलं. पाळीवर इरा होती, तिच्या शेजारी पदराआड रामकन्याबाई.

"हां," ते मोठ्याने म्हणाले, अगदी मागच्या खुर्चीपर्यंत जाईल असं. "पाल मैंने बनवाई. गलती मेरी है. इस बाई की खेती में कोई खोट नहीं है. फसल मेरी वजह से पीली पडी है."

हातातली कचोरी तशीच धरून खुर्च्यांवरचे उठून उभे राहिले.

"फावडा देना," श्रीहरी म्हणाले.

"साबजी, पाल नहीं टूटेगी!" विष्णू पटेल पुढे आले. "सारा पानी मेरे प्लॉट में आएगा. बोर्ड लगा है वहां!"

"किनारे से नाली काट देंगे," श्रीहरी म्हणाले. "तुम्हारी दो-एक लाइनें जाएंगी. पानी सडक की नाली में जाएगा, जहां पहले भी जाता था."

"मेरी लाइनें क्यों जाएं?"

तेव्हा शोभना आत्या सावकाश त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "विष्णू, पहचाना? तुम्हारी भूरी भैंस फंसी थी, बच्चा उल्टा था. तब मैं इसी कीचड में कोहनी तक हाथ डाल के बैठी थी कि नहीं? मैंने पूछा था क्या, कि तुम्हारा घर सडक पर है कि पीछे?"

विष्णू पटेलांच्या मिशीचा पीळ जरा सैल झाला. "वो तो ठीक है डाक्टरनीजी, पर..."

"पर क्या? ये खेत तुम्हारे सगे भाई का है. इसमें खडी औरत तुम्हारे घर की बहू है. उसकी फसल डूबे तो तुम्हें खेत मिले, यही हिसाब है ना? बोल दो सबके सामने!"

सगळे पटेलांकडे बघू लागले. पटेल चपलांकडे बघू लागले. फावडं कुणी आणून दिलं ते कळलंच नाही, पण ते श्रीहरींच्या हाती यायच्या आधीच रामकन्याबाईने घेतलं आणि पाळीच्या कोपऱ्यावर पहिला घाव तिनेच घातला. मग लिंबाखालच्या सगळ्या बायका आल्या. श्रीहरी एका बुटावर, बाह्या सरसावून, त्यांच्यात. चर सडकेपर्यंत पोहोचला आणि अडलेलं पाणी असं धावलं, असं धावलं की बॅनर धरून उभे असलेले दोघे बॅनर टाकून पळाले!

काम झाल्यावर श्रीहरी त्या चिखलातच रामकन्याबाईपाशी गेले. झाडाखाली नाही, पटेलांसमोर नाही. तिच्या शेतात. तिथे जेठ नव्हते, म्हणून तिने पदर थोडा वर केला.

"बाई, कुछ मत छिडको," ते म्हणाले. पहिल्यांदाच सगळ्यांना कळेल अशा भाषेत. "पानी निकलने दो. मिट्टी भुरभुरी हो जाए तो डोरा चला देना," म्हणजे कोळपणी, "ताकि जड को हवा मिले. पाल के पास वाली नहीं बचेगी, झूठ नहीं बोलूंगा. ऊपर वाली बच जाएगी. आठ-दस दिन में मैं खुद देखने आऊंगा."

"आओगे?" तिने विचारलं. "या नहाओगे?"

आणि साहेब हसले. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी चिखलाच्याच हाताने ते पुसले.

परतताना गाडीत, सांवेर गेल्यावर श्रीहरी म्हणाले, "आज फोटो राहिला. उद्या साहेब ओरडणार."

"मी काढलाय एक," इरा म्हणाली. फोटोत बोर्ड नव्हता, बॅनर नव्हता. पिवळी सोयाबीन होती, आणि तिच्यात एका पायात बूट घातलेला एक माणूस मुळाचा वास घेत होता.

त्यांनी गाडी कडेला घेऊन तो फोटो पाहिला. मग तोच पाठवला.

पुढचं थोडक्यात सांगते. पाळीजवळचा पट्टा खरोखरच गेला. ते नुकसान रामकन्याबाईचंच झालं. चूक कबूल केली म्हणून कुजलेलं मूळ जिवंत होत नाही, हे श्रीहरींनी रोज लक्षात ठेवावं. पण वरची सोयाबीन सावरली, शेंगांनी भरली आणि खळ्यावर आली. विष्णू पटेल बटाईची गोष्ट काढायला आले, तेव्हा तिने पदराआडून आपल्या धाकट्या लेकीला सांगितलं, "जेठजी को बोल दे, गेहूं भी मैं ही बोऊंगी, और अगली सोयाबीन भी." पटेल चहा न पिताच परत गेले.

आता जामलीखेडीतली चौपाल दर वेळी वेगळ्या शेतात भरते, आणि बायकांची वेगळी बसते, जिथे कुणाचा जेठ नसतो. पहिल्या वेळी इतके सवाल आले की श्रीहरी उन्हं उतरेपर्यंत बसून होते. 'आदर्श प्लॉट'चा बोर्ड आता रामकन्याबाईच्या शेतात आहे. वरच्या साहेबांचा फोन आला, "मोघेजी, बोर्ड सडक से दिखता ही नहीं!"

"हां सर," श्रीहरी म्हणाले. "देखना हो तो कीचड में चलके आना पडेगा."

बघा, नागरिकांनो, राग कुणावर काढायचा ते मी सांगते. सल्ला देणाऱ्यावर काढा जो शेत न बघता सल्ला देतो. पीक कसं आहे ते न विचारता त्याच्याकडे फोटो मागणाऱ्यांवर काढा. आणि थोडा आपल्यावरही काढा, कारण सोयाबीनची वडी आपण खातो, पण ती कुणाच्या हातची हे विचारत नाही. सल्ला हा ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला द्यायचा नसतो, ज्याचे हात मातीत आहेत त्याला द्यायचा असतो. आणि तो सडकेवरून देता येत नाही. एका शेताचं भलं करताना पाळीच्या पलीकडे बघितलं नाही, तर तेच भलं दुसऱ्याला बुडवतं.

तुमच्यापैकी कुणी साहेब असेल, डॉक्टर असेल, मास्तर असेल, पंच असेल. तुमचाही नंबर कुठल्या ना कुठल्या भिंतीवर लिहिलेला आहे. अंघोळ पुरे झाली आता. फोन वाजतोय. उचला!